सोनीचा चौथा पाय

माणसांशी तुटक आणि मांजरांशी अत्यंत सभ्यपणे वागणारं आमच्या शाळेतल्या ड्रॉईंगच्या बाईंसारखं दुसरं कोणी त्या काळच्या धुळ्यात नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. मांजरं म्हणजे घरातली, दुधावर टपलेली नव्हेत. रानमांजर, वाघाटी, बिबट्या अशी. कुणी फासात अडकलेलं, कुणी विहिरीत पडलेलं, कुणी ऊसतोडीत आईपासून तुटलेलं. असे जीव पिंपळनेरजवळ एका निवृत्त वनरक्षकाच्या आमराईत ठेवलेले असत. त्यांना सगळे नाना म्हणत. वनखात्याच्या परवानगीने नाना त्यांना सांभाळत आणि बाई दर रविवारी एसटीने तिथे जाऊन त्यांची चित्रं काढत. चित्रं विकून जे येईल ते सरळ नानांकडे जाई, मटणाला आणि औषधाला. स्वतःसाठी बाईंनी त्यातून एक ब्रशसुद्धा घेतला नाही. त्यांच्या काही ब्रशांच्या तर नुसत्या काड्याच उरल्या होत्या.

बाईंचा नियम एकच होता, जे आहे तेच काढायचं. हा नियम त्या बोलण्यातही पाळत आणि तिथे पंचाईत होई. एकदा जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं मोठं चित्र घेऊन त्या साक्रीला गाडीत चढल्या. कंडक्टरने विचारलं, यात काय आहे? बाई म्हणाल्या, "बिबट्या." पुढच्या चार सीटा रिकाम्या झाल्या. एक म्हातारी कोंबड्यांची पाटी उचलून थेट ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. मी शेजारीच होतो, हळूच म्हटलं, बाई, चित्र आहे असं सांगा ना. तर त्या शांतपणे म्हणाल्या, "नीट जमलं असेल तर बिबट्याच आहे."

दिवाळीच्या आधी शाळेच्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन भरे. एका सर्जनने तिथून फाटक्या कानाचं रानमांजर विकत घेतलं आणि आठ दिवसांनी परत आणलं. बायकोला तो कान खटकतो, तेवढा नीट करून द्या, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी त्यांना सांगितलं, मांजर पिंपळनेरला आहे, तुम्ही कान शिवा, मग मी काढते. डॉक्टर भला माणूस. ते पुढच्या रविवारी खरोखर पिंपळनेरला गेले. कान शिवण्यापलीकडे गेला होता, पण तेव्हापासून नानांकडे जंतांची औषधं त्यांच्या दवाखान्यातून फुकट येऊ लागली.

मी त्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा नवाकोरा पदवीधर होतो. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिलाच. वडील जामनेरच्या बाजारात पोती वाहायचे आणि मी स्टाफरूममध्ये सांगायचो की ते धान्याच्या लाइनीत आहेत. एके दिवशी बाईंनी सरळ विचारलं, लाइनीत म्हणजे नक्की काय करतात? मी जमिनीकडे बघत खरं ते सांगितलं. बाईंनी ना कीव केली ना कौतुक. "मग खांदे बघण्यासारखे असतील," एवढंच म्हणाल्या आणि पेन्सिलीला टोक करू लागल्या. त्या दिवशी माझ्या अंगावरचं किती ओझं उतरलं ते त्यांना कळलं असेल की नाही, देव जाणे. पण पुढच्या रविवारपासून त्यांच्या रंगांची पेटी उचलायला मी आपणहून स्टँडवर हजर राहू लागलो.

नानांच्या आमराईत तेव्हा सोनी होती. बिबट्याची मादी, सापळ्यात पुढचा डावा पाय गमावलेली. परकं माणूस दिसलं की ती पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसे आणि दोन दोन दिवस खाण्याला तोंड लावत नसे. नाना आणि बाई, एवढी दोनच माणसं तिला चालत. मी आंब्याआड बसायचो. त्या उन्हाळ्यात वनखात्याचं पत्र आलं, की पावसाळ्यापूर्वी पक्कं, उंच कुंपण झालं नाही तर या मादीला मोठ्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात हलवावं लागेल. म्हणजे दिवसभर समोर माणसांची रांग. ती तिथे जगणार नाही, हे नानांना बोलून दाखवावंही लागलं नाही.

कापसाच्या जिनिंगचे एक शेठ बाईंच्या चित्रांवर खूश होते. कुंपणाचे सगळे खांब आणि जाळी देतो म्हणाले. बदल्यात त्यांना पेढीवर गादीच्या मागे लावायला सोनीचं मोठं चित्र हवं होतं. फक्त चार पायांचं. लंगडा बिबट्या पाठीशी लावून बसलो तर व्यापारी काय म्हणतील, अशी त्यांची साधी अडचण. बाई चहा अर्धा टाकून उठून आल्या.

मला वाटलं, यात कठीण काय आहे? मी सुचवलं, सोनीला उंच गवतात उभी दाखवा, पाय दिसणारच नाहीत. बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही पुन्हा लाइनीत गेलात. तिला नाही तिच्या पायाची लाज वाटत."

त्यानंतर बाई रविवारी जात, पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून बसत आणि काहीच काढत नसत. आभाळात ढग दिसायला लागले तसा नानांचा धीर सुटला. "बाई, तीन रविवार झायात, कागद कोराच शे. एक पाय काढाले कितला वखत लागस?" एक पाय काढायला किती वेळ लागतो, ते बाईंना ठाऊक होतं. खोटा पाय त्यांच्या हातून उतरत नव्हता आणि सोनीचा जीव तर त्याच पायावर उभा होता. त्यांना एवढं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

चौथ्या रविवारी दुपारी उकाड्याने सोनी गाढ झोपली. थोड्या वेळाने तिचे कान हलले, मिशा थरथरल्या आणि मग पाय हलू लागले. मागचे दोन, पुढचा एक, आणि त्यांच्या बरोबरीने, अगदी ठेक्यात, डाव्या खांद्याशी उरलेला तो थोटका तुकडाही. बाई स्टुलावरून उठल्या. नाना तंबाखू मळत म्हणाले, "झोपमा ती चारी पायस्वर पयस. रोजनंच शे." झोपेत ती चारही पायांवर पळते, हे त्यांना केव्हापासूनच माहीत होतं. हे आधी का नाही सांगितलं, असं बाईंनी दरडावून विचारलं, तर म्हणाले, कोणी विचारलंच नाही.

आठवड्याने आम्ही ते चित्र पेढीवर नेलं. सोनी उघड्या माळावरून सुसाट धावत होती, अंग ताणलेलं, शेपूट वाऱ्यावर. शेठजींनी बोट लावून पाय मोजले. चार होते. मग त्यांची नजर वर गेली आणि ते खट्टू झाले. "बाई, पाय मागितले तर तुम्ही डोळे काढून घेतलेत. हिने डोळे का मिटलेत?"

"झोपलीय ती," बाई म्हणाल्या. "जागी असली की तीनच असतात."

शेठजी चित्रासमोर उभेच राहिले. गिऱ्हाईक येऊन बसलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटी वळून मुनीमजींना म्हणाले, पिंपळनेरला जाळी पाठवायची आहे, ट्रक सांगा.

कुंपण मृगाच्या आधी उभं राहिलं. सोनीला आत सोडलं त्या दिवशी बाईंनी रंगांची पेटी नेलीच नव्हती. सोनी तीन पायांवर लचकत कुंपणाच्या कडेकडेने पूर्ण फेरी मारून आली, मधल्या आंब्याखाली आडवी झाली आणि झोपली. तो थोटका पाय धावताना पुन्हा एकदा बघावा म्हणून मी डोळे लावून बसलो. तास गेला. ती निश्चल पडून होती, फक्त पोट खालीवर होत होतं.

मी बाईंना म्हटलं, आज ती झोपेत धावत नाही.

बाईंनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि तिच्याकडे बघत राहिल्या. परतीची गाडी यायला झाली होती, पण त्या उठल्या नाहीत. मग, मला सांगताहेत की स्वतःला, हे न कळणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "पोचली असेल."