खालची फिकट पट्टी

माझं अक्षर चांगलं आहे हे लहानपणी मला कुणी सांगायला नको होतं. नगरच्या एका मिशन शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून लागलो तेव्हा मी पंचविशीचा होतो आणि गावात कुठलीही पाटी वाकडी दिसली की माझे हात शिवशिवायचे. एका किराणा दुकानाच्या पाटीवरची वेलांटी मी एकदा कुणी न सांगता शिडी लावून नीट केली होती. दुकानदार खूश झाला, चहा पाजला. तेव्हापासून माझा समज झाला की सगळीच माणसं अशी खूश होतात.

शाळेच्या आवारातच मुलींचं बोर्डिंग होतं आणि त्याची देखरेख एक वयस्कर अमेरिकन बाई करायच्या. आम्ही सगळे त्यांना मिससाहेब म्हणायचो. माझी आई त्याच बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात होती, त्यामुळे मी त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलो. मराठी त्या पंडिताकडून शिकलेल्या, म्हणून आमच्यापेक्षा शुद्ध बोलायच्या. नगरला येण्याआधी त्यांनी चीनमध्ये कितीतरी वर्षं मुलींची शाळा चालवली होती. कम्युनिस्टांचं राज्य आल्यावर तिथून निघावं लागलं तेव्हा त्यांनी एक पत्र्याची पेटी आणि एक लांब गुंडाळी एवढंच सोबत घेतलं होतं.

ती गुंडाळी त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर टांगलेली असायची. काळाभोर कागद, माझ्यापेक्षाही उंच, आणि त्यावर पांढऱ्या चिनी अक्षरांच्या उभ्या ओळी. तो एका जुन्या कोरीव शिळेचा ठसा होता. ठसा कसा घेतात तेही त्यांनीच मला सांगितलं. ओला कागद दगडावर चिकटवायचा, ब्रशने ठोकून ठोकून खोदलेल्या अक्षरांत बसवायचा, जरा सुकला की कापडाच्या बोळ्याने वरून शाई थापायची. खोल गेलेली अक्षरं पांढरी राहतात. मग कागद सोलून काढला की वजन सोडून सगळा दगड घरी नेता येतो.

मूळ शिळा तिकडे एका दगडी कासवाच्या पाठीवर उभी आहे. कासव आपल्याकडेही देवळात गाभाऱ्यासमोर असतं, पण त्याच्या पाठीवर एवढं ओझं आपण दिलेलं नाही. तेराशे वर्षांपूर्वी, तांग घराण्याच्या काळात, पश्चिमेकडून खुष्कीच्या वाटेने ख्रिस्ती साधू चीनमध्ये आले, बादशहाने त्यांना राहू दिलं, धर्म सांगू दिला, त्याची हकीकत तिच्यावर कोरली आहे. पुढे बादशहांची मर्जी फिरली, साधू पांगले, शिळा मातीखाली गेली आणि कित्येक शतकांनी खणताना वर आली. माथ्यावर एकमेकांत गुंतलेले नाग-मगरींसारखे प्राणी, त्यांच्याखाली ढग आणि कमळ, आणि कमळावर क्रूस. आमच्या चर्चमध्ये अभंग म्हणतात, टाळ-मृदंग वाजतो. कमळावरचा क्रूस बघून मला तरी तो परका वाटला नाही.

मी मात्र बघायचो ती अक्षरं. हे छिन्नीचं काम आहे हे पटतच नसे. प्रत्येक रेघ कुंचला टेकवून, किंचित दाबून, अलगद उचलल्यासारखी. आडवी रेघ उजवीकडे जरा चढायची, तिरपी उतरताना रुंद होत जायची. दोन हजारांच्या आसपास अक्षरं, पण एकही दुसऱ्याच्या अंगावर गेलेलं नव्हतं. वाचता एकही येत नसताना मी तासन् तास तिथे उभा राहिलो आहे. तळाशी वेगळ्याच, बारीक लिपीतली नावं होती. लिपी सुरियानी, साधूंच्या पश्चिमेकडच्या मुलखाची, आणि नावं त्या साधूंची, असं मिससाहेब सांगायच्या.

बहात्तर साली मिससाहेब निवृत्त होऊन मायदेशी निघाल्या. जाण्याआधी त्यांनी तो ठसा माझ्या हातात दिला.

"कडा फाटू लागल्या आहेत. मागून मलमल लावून दे. बाकी जसे आहे तसेच असू दे."

दुष्काळाचं वर्ष होतं. नळाला पाणी दिवसाआड, आणि माणसं रांगा लावून अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी घेत होती. मी खळ करायला गव्हाचं पीठ मागितलं तेव्हा आई भडकली.

"मानसं मिलो खात्यात आन् तू गव्हाचं पीठ कागदाला चोपडतूस व्हय?"

पण ठसा मिससाहेबांचा म्हटल्यावर तिनेच पीठ चाळून दिलं आणि पाण्याची एक बादली बाजूला काढली. खळीत मी किडीसाठी मोरचूद घातलं, मलमल ताणून बसवली, एक सुरकुती राहू दिली नाही. काम खरंच उत्तम झालं. इथे मी थांबलो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो.

शनिवारी दुपारी कागद वाळला आणि माझी नजर तळाकडे गेली. खालची वीतभर पट्टी फिकट होती. वरची शाई एकसारखी काळी, आणि खाली नुसते राखाडी धब्बे, कुठे दाट, कुठे विरळ, एका ठिकाणी तर बोळा तसाच दाबून धरल्यासारखा गोल डाग. बारीक अक्षरं त्यात बुडून गेलेली. मला ते बघवेना. जसं आहे तसं असू दे, हे त्या बोलल्या होत्या, पण ते माणूस संकोचाने म्हणतंच. पंगतीत पाहुणा 'पुरे, पुरे' म्हणतो तेव्हा आपण वाढायचं थांबवतो का? मी काळ्या शाईची बाटली उघडली.

आई दारातून बघत होती. "त्यांनी सांगितलं तेवढंच कर की. लई शानपना नको."

"आई, तुला यातलं कळत नाही."

सगळी पट्टी मी काळीकुळकुळीत करून टाकली. बुडालेली अक्षरं पांढऱ्या पोस्टर कलरने वर काढली. जिथे दिसत नव्हती तिथे शेजारच्यावरून अंदाजाने काढली. लिपीचा गंध नसताना मी साधूंची नावं सुधारली. शिवाय लांब उभा राहून स्वतःवरच खूश झालो.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर आईला बरोबर घेऊन मी मिससाहेबांकडे गेलो आणि ठसा भिंतीवर टांगला. त्यांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या. मलमलीवरून हात फिरवला. मग चष्मा लावून, गुडघ्यावर हात टेकत हळूहळू खाली वाकल्या. बोटाने तळाची कड चाचपू लागल्या.

"इथे फिकट होते. ते कुठे गेले?"

त्यांनी सांगितलेलं आपण मोडलं, एवढंच मला त्या क्षणी कळलं. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "तिथं कागद खाणारी कसर लागली होती, मिससाहेब. कागद हातातच गळून पडला. मी तुकडा जोडून रंगवला."

त्या तशाच वाकून राहिल्या. मग खुर्चीवर बसल्या आणि सांगू लागल्या. चीनमधल्या शाळेतल्या सहा मुलींना घेऊन त्या शिळा बघायला गेल्या होत्या. ठसे घेणारा म्हातारा गमत्या होता. सगळं काम झाल्यावर त्याने तळाची पट्टी मुलींसाठी सोडली आणि प्रत्येकीच्या हातात शाईचा बोळा दिला. ते धब्बे त्यांचे होते. गोल डाग सगळ्यात धाकटीचा. ती दाबलेला बोळा परत उचलायलाच तयार नव्हती. पुढे सगळ्या कुठे गेल्या, जगल्या की नाही, कधी कळलं नाही. दर रविवारी मिससाहेब एकेका धब्ब्यावर बोट ठेवून एकेकीचं नाव घेत, प्रार्थना करत. आताही त्यांनी पुन्हा वाकून काळ्या पट्टीवर बोट सरकवत सहाही नावं घेतली, आणि बोट कुठे थांबवायचं ते त्यांना समजेना.

"चूक माझीच आहे," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात गुंडाळून पेटीत ठेवताना डांबराच्या गोळ्या घालायला हव्या होत्या. मी त्यांना सांभाळले नाही."

तेव्हा बोलायला हवं होतं. मला लाज वाटली, भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला, की हे आधी का नाही सांगितलं.

घरी आल्यावर आई म्हणाली, "कसर म्हनं! कसर तुझ्या जिभेला लागली. उद्या जा आन् खरं सांग."

मी गेलो. जीपमध्ये सामान चढत होतं, मुली रडत होत्या. मिससाहेबांनी मला पाहिलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "त्या कसरीचे मनाला लावून घेऊ नकोस. तू फार सुंदर काम केलेस." मी म्हणालो, "बरं."

दर नाताळात त्यांचं पत्र यायचं, मराठीत. मी उत्तर धाडायचो: पाऊस, शाळा, आईची तब्येत. दोन वर्षांनी आलेल्या पत्रातलं अक्षर फार कापरं होतं. त्यांनी लिहिलं होतं, आताशा स्मरण राहत नाही. सहा मुलींपैकी पाचच नावे आठवतात, धाकटीचे हरवले आहे. निघण्याआधी तुम्हा दोघांसमोर मी ती नावे घेतली होती. तुला किंवा आईला ते नाव ध्यानात आहे काय?

मला एकही आठवत नव्हतं. ती नावं घेतली जात असताना आपलं खोटं पचलं की नाही एवढंच मी बघत होतो. मी पत्र आईला वाचून दाखवलं आणि विचारलं.

"मला कशी ठावं असतील?" आई म्हणाली. "मी कुठं नावं ऐकत हुते? मी तुझ्या तोंडाकडं बघत हुते. आत्ता सांगशील, मग सांगशील म्हनून."

मी मिससाहेबांना लिहिलं की आम्हा दोघांनाही नाव आठवत नाही. ते खरं होतं, त्यामुळे लिहायला जड गेलं नाही.