नटावरची लाल रेघ

नवी मुंबईतल्या पावणे गावात जोतीराम निकमांच्या गॅरेजातून गाडी बाहेर पडली, की तिच्या इंजिनाच्या महत्त्वाच्या नटांवर एकेक बारीक लाल रेघ असे. नट शेवटचा आवळून झाला, की जोतीराम खिशातून नेलपॉलिशची बाटली काढत आणि नटावरून शेजारच्या धातूवर उतरणारी रेघ ओढत. पुढे कुणी तो नट जरासा जरी फिरवला, तरी रेघ तुटायची. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. रेघ सलग दिसली, तर त्या नटाला कुणी पाना लावायचा नाही, असा गॅरेजचा नियम होता. तो त्यांनी स्वतःच केला होता आणि ते स्वतःही तो पाळत.

बाटली सत्यभामाबाई आणून देत. "एवढ्या बाटल्या आणल्या, पण माझं एक नख कधी रंगलं नाही. तुमच्या नटांचीच हौस!" असं बायकोनं म्हटलं, की जोतीराम हसून बाटली खिशात टाकत. बाटली खिशाबाहेर कधी राहत नसे.

गॅरेजात त्यांच्या जोडीला रणजीत होता. सख्खा मामेभाऊ. शहाऐंशी साली साताऱ्याकडच्या गावाहून जोतीरामांनीच त्याला आणला. पहिली दोन वर्षं तो त्यांच्या कोपरखैरण्याच्या घरात स्वयंपाकघरात झोपला. पाना कसा धरायचा इथपासून सगळं त्याला जोतीरामांनी शिकवलं. पुढे गिऱ्हाइकांशी बोलायचं काम आपोआप त्याच्याकडे गेलं, कारण जोतीरामांना बोलणं जमत नसे आणि रणजीतला गप्प बसणं.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत विपुल आपली नवी पांढरी गाडी घेऊन आला. गॅरेजची शेड ज्यांच्या जागेत होती, त्या देवजीशेठचा हा एकुलता मुलगा. डिकीत गोणपाटात गुंडाळलेला एक टर्बो होता, कुर्ल्याच्या भंगारबाजारातून आणलेला.

"काका, जपानी पीस आहे. बसवून द्या."

जोतीरामांनी तो हातात घेऊन पंखा बोटानं फिरवून पाहिला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एका बाजूचा पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त जळतं आणि ताकदही वाढते.

"वस्तू चांगली हाय," ते म्हणाले. "पण तुझं इंजिन कंपनीनं याच्यासाठी केलेलं न्हाय. याचं पिस्टन एवढा दाब सोसायचं न्हाईत."

"दादा, अख्खी मुंबई करतेय," रणजीत मध्येच म्हणाला. "आपणच काय पाप केलंय? टेन्शन नको घेऊ."

दुसऱ्या दिवशी देवजीशेठ स्वतः आले. खाडीकाठची शेती नव्या शहरात गेली, तेव्हापासून ते शेडी भाड्यानं देत. गाडीच्या पुढच्या सीटवर बसण्यापलीकडे त्यांना गाडीतलं काही ठाऊक नव्हतं.

"जोतीराम, मना याच्यातला काय कलत नाय. पोरगा आयकत नाय. तू म्हनशील तं हो, तू म्हनशील तं नाय. पन माझा एकच पोर हाय, येवरा ध्यानात ठेव."

जोतीरामांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी शब्द दिला. "दाब मी कमी ठेवीन. गाडी पळंल, पण इंजिनाला धक्का लागणार न्हाय."

तीन आठवडे ते त्या एकाच गाडीत वाकलेले होते. हेडखाली जाड गॅस्केट घातलं, तेलाची वेगळी नळी ओढली. टर्बोला जास्तीचा धूर बाजूनं सोडून देणारी एक झडप असते. तिची दांडी जितकी आखूड करावी तितकी झडप उशिरा उघडते आणि दाब वाढतो. जोतीरामांनी दांडी लांब ठेवली. नटाबाहेर सहा आटे मोकळे दिसत होते, दाब पाच पौंडांवर थांबत होता. वहीत तसं लिहिलं आणि नटावर रेघ ओढली.

उरण रस्त्यावर चाचणी घेतली, तेव्हा गाडीनं अशी काही झेप घेतली की जोतीराम लहान मुलासारखे मोठ्यानं हसले. रणजीतनं त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत जोतीराम भावकीतल्या लग्नासाठी चार दिवस गावी जाऊन आले. त्यानंतर आठवड्याभरानं जासईच्या रस्त्यावर भर वेगात असताना विपुलच्या गाडीचं इंजिन बसलं. बॉनेटमधून पांढरानिळा धूर आला आणि गाडी जागीच थंड झाली. मागून कंटेनरचा ट्रेलर येत होता. त्याच्या ड्रायव्हरनं ब्रेकवर उभं राहून तो थांबवला, तेव्हा दोन्हींमध्ये हातभर अंतर उरलं होतं.

देवजीशेठ गॅरेजात आले, तेव्हा चार गिऱ्हाइकं उभी होती. ते ओरडले नाहीत. "तू शब्द दिलतास," एवढंच म्हणाले.

जोतीरामांनी इंजिन खोललं. तिसऱ्या पिस्टनला वितळून बोटाएवढं भोक पडलं होतं. इतकी उष्णता आली कुठून? त्यांनी गॅस्केट तपासलं, तेलाची नळी, पेट्रोलचा पंप, प्लग, सगळं एकेक करून पाहिलं. झडपेच्या दांडीवर बॅटरीचा उजेड टाकला. रेघ सलग होती. ते पुढच्या भागाकडे वळले.

काहीच सापडेना. तेव्हा ते देवजीशेठच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. "हिशेब चुकला माझा. पाच पौंडसुद्धा या इंजिनाला जास्त झालं असणार. चूक माझीच हाय." सोबत रणजीत होता. परत येताना त्यानं जोतीरामांच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं, दादा. मशीनच ती."

त्या रविवारी दुपारी ताटावर बसलेले असताना सत्यभामाबाईंनी भाकरी वाढता वाढता विचारलं, "नवी बाटली आणू का? आधीची संपली असंल."

"खिशात हाय की अर्धी."

"मग भावजी कशाला घेऊन गेले? तुमी गावाला होता तेव्हा आले होते. दादाची सुकली, तसल्याच लाल रंगाची द्या म्हणाले. मी आपली कपाटातली दिली."

जोतीरामांचा हात ताटातच राहिला. मग त्यांनी तसाच हात धुतला आणि पायात चपला सरकवल्या. "भाकरी तरी..." असं बायको म्हणेपर्यंत ते जिना उतरले होते.

शेड उघडून त्यांनी वही काढली. सहा आटे. मग दांडीवर वाकून मोजले. दोन. त्या नटावरची रेघ मात्र सलग होती. इतकी सफाईदार, की ती त्यांना स्वतःच्या हातची वाटली होती. नखानं खरवडल्यावर खाली जुन्या रेघेचा तुटलेला अर्धा तुकडा निघाला.

सोमवारी रणजीत आला, तेव्हा ती दांडी टेबलावर ठेवलेली होती.

"किती केलास?"

रणजीतनं दांडीकडे पाहिलं. खोटं बोलावं की नाही, हे ठरवायला त्याला थोडा वेळ लागला. "बारा. विपुल मागंच लागला होता, दादा. पाच पौंडांत काय मजा नाही म्हणाला. तू गावाला. म्हटलं, जरा पळू दे, नाव होईल आपलं. एवढं होईल असं..."

"दाब वाढवलास, ते इचारत न्हाय मी. पोरं करत्यात असलं. रेघ का वढलीस?"

"तू बघितलं असतंस म्हणून."

"आणि मी देवजीशेठच्या दारात हात जोडून हुबा हुतो, तवा शेजारी कोण हुतं?"

रणजीत गप्प झाला. त्या गॅरेजात तो प्रथमच गप्प झाला. मग म्हणाला, "विपुलनं शपथ घातली होती. बाप घराबाहेर काढील म्हणाला."

"आन मला कशातनं काढलंस रं तू?"

दुपारी रणजीत आपली पान्यांची पेटी घेऊन निघून गेला. जोतीराम एका गाडीखाली होते. त्यांना त्याचे बूट दारातून जाताना दिसले. ते बाहेर आले नाहीत.

संध्याकाळी ते पुन्हा ओट्यावर गेले आणि देवजीशेठना सगळं सांगितलं. दांडी, दोन आटे, बाटली. विपुल आतल्या खोलीत होता. त्याला हाक मारली, पण तो बाहेर आला नाही.

"म्हंजे चूक तुझी नवती. बरा वाटला आयकून," देवजीशेठ म्हणाले. "पन जोतीराम, त्या रेघंला तूच फसलास. मंग तुझी कोनची न् त्याची कोनची, मी कसा वलखू?"

दुसऱ्या दिवशी जोतीरामांनी शेडमधल्या पाचही गाड्यांवरच्या रेघा थिनरच्या फडक्यानं पुसल्या आणि प्रत्येक नट पुन्हा पान्यानं तपासला. सगळे घट्ट होते. सगळे त्यांचेच होते. तरी पुन्हा रेघ ओढायला हात वर गेला नाही.

पुढच्या वर्षी रणजीतनं तुर्भ्याला स्वतःचं गॅरेज टाकलं. विपुलची गाडी तिकडेच जाऊ लागली. देवजीशेठनी शेड मात्र जोतीरामांकडून काढून घेतली नाही. वाटेत भेटले की हात वर करत, पण स्वतःची जीप दुरुस्तीला दुसरीकडे पाठवत.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीच्या सुमारास वाशीचा एक व्यापारी आला. गाडी खडखड करतेय म्हणाला. जोतीरामांनी बॉनेट उचललं. नटांवर बारीक लाल रेघा होत्या, सलग, सरळ, वरून खाली उतरणाऱ्या.

"रेघ तुमच्याच हातची आहे ना?" व्यापारी म्हणाला. "गाडी घेतली तेव्हा तुर्भ्याच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं, निकमांची पद्धत आहे, रेघ असली की पाना लावायचा नाही."

जोतीरामांनी पाना घेतला आणि पहिल्याच रेघेवर लावला. आवळायला जाताच नट बोटभर फिरला.

"माझी न्हाय," ते म्हणाले, आणि दुसऱ्या नटाकडे वळले.