उपाशीपोटी फेरी

सासूबाई आमच्याकडे वसईला कायमच्या राहायला आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन गोष्टी होत्या: भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं आणि रक्ततपासणीचा कागद. गावी देवगडला तालुक्याच्या डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं होतं. सासरे जाऊन वर्ष झालं होतं, आणि त्यांना एकटीला तिथे ठेवायचं नाही असं माझ्या नवऱ्याने ठरवलं होतं. साल नव्याण्णव असेल.

त्याच सुमारास मी स्वतः सात किलो वजन उतरवलं होतं. मी वसईतल्याच एका शाळेत शिकवत होते. धाकटीच्या बाळंतपणानंतर अंग सुटलं होतं, ते मी रोज पहाटे चालून आणि रात्रीचा भात सोडून कमी केलं. स्टाफरूममधल्या बाया मला विचारायच्या, काय खातेस, किती चालतेस. मला ते फार आवडायचं. आहाराबद्दल मासिकात येणारं सगळं मी कापून ठेवायची. त्यामुळे सासूबाईंची साखर म्हणजे मला माझंच काम वाटलं. इथल्या डॉक्टरांनी सकाळची एक गोळी लिहून दिली, एक छापील तक्ता दिला आणि चालायला सांगितलं. तक्त्यात दोन पोळ्या होत्या, मी एक केली. तक्त्यात वाटीभर भात होता, मी तो बंदच केला. रात्री त्यांना मुगाचं पातळ कढण आणि काकडी. लवकर गुण यावा आणि तो माझ्यामुळे यावा, असं मला वाटत होतं.

त्या जन्मभर भात आणि माशाचं सार जेवलेल्या. पहिले काही दिवस त्या काही बोलल्या नाहीत. मग एकदा म्हणाल्या, "अगं, मूठभर भात दिलास तर चालेल ना? पोट भरल्यासारखंच वाटत नाही."

"सवयीचा प्रश्न आहे, आई. मलाही सुरुवातीला असंच व्हायचं."

त्यांनी परत मागितला नाही. पण एका दुपारी मी शाळेतून लवकर आले, तर त्या ओट्यापाशी उभ्या राहून मुलीच्या डब्यातला उरलेला भात खात होत्या. मला पाहून त्यांनी डबा झाकला. दुसऱ्या दिवसापासून मी भात मोजून लावायला लागले.

सकाळी साडेपाचला आम्ही दोघी निघायचो, सांडोरच्या बाजूला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या वाड्या, मधून विहिरींवरच्या पंपांचा आवाज. मी पुढे, त्या मागे. त्यांचे गुडघे दुखायचे. "जरा बसू या का?" त्या विचारायच्या, आणि मी घड्याळ बघायची, कारण मला सातला शाळेत पोचायचं असायचं.

त्या दिवशी उशीर झाला होता. परत आल्यावर घाई नको म्हणून मी निघण्याआधीच त्यांच्या हातावर गोळी ठेवली. त्या म्हणाल्या, "ही खाण्याबरोबर ना?"

"गोळी आत्ता घ्या, खाणं आल्या आल्या. पोळी करून ठेवलीय."

सांडोरच्या वळणापाशी त्या थांबल्या. कपाळावर घाम होता आणि हात कापत होते. "मला कसंतरी होतंय," त्या म्हणाल्या.

आदल्या आठवड्यात दोनदा त्या अशाच थांबल्या होत्या आणि मी परत फिरले होते. मला वाटलं, आजही तेच. मी म्हटलं, "आई, नाटक नका करू. थोडंच राहिलंय."

त्या आणखी दहा-बारा पावलं चालल्या. मग माझ्याकडे बघून त्यांनी मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली आणि एका वाडीच्या कुंपणाला धरून खाली बसल्या.

वाडीत एक ख्रिस्ती बाई अळूची पानं खुडत होती. ती धावत आली. सासूबाईंचा हात हातात घेऊन तिने मला पहिला प्रश्न विचारला, "सकाळी काय खाल्लं हिने?" तिच्या नवऱ्यालाही साखर होती, तिला बघताक्षणी कळलं. घरातून तिने पेलाभर साखरेचं पाणी आणलं आणि सासूबाईंचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून घोट घोट पाजलं. त्या शुद्धीत होत्या, म्हणून गिळता आलं. दहाएक मिनिटांनी त्या मला ओळखून माझ्याशी बोलायला लागल्या. मग त्या बाईने त्यांना एक सुकेळं, वाळवलेलं केळं, दिलं. सासूबाई ते सावकाश चावत होत्या आणि मी बाजूला उभी होते. माझ्या हातात काहीच काम नव्हतं.

रिक्षाने थेट दवाखान्यात गेलो. नवऱ्याला फोन केला, तो कामावर निघायच्या तयारीतून तसाच आला. त्याच्यासमोर डॉक्टरांनी विचारलं, "गोळी घेऊन उपाशी चालायला कोणी सांगितलं?"

मी म्हणाले, "पोळी करून ठेवली होती. त्यांनी खाल्ली नाही."

दोन्ही वाक्यं खरी होती. नवरा आईकडे वळला. "आई, तू लहान आहेस का? ही तुझ्यासाठी एवढी धडपडते आणि तू गोळी घेऊन तशीच निघतेस?" पलंगावरून सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांनी पुन्हा दिलेल्या तक्त्याची घडी घालत होते. त्या म्हणाल्या, "चुकलं बाबा."

त्यानंतर जेवण बदललं. डॉक्टरांनीच नीट समजावलं, आणि या वेळी मी तक्त्याला हात लावला नाही. दुपारी वाटीभर भात, बांगड्याचं नाहीतर बोंबलाचं सार, त्यात खोबरं निम्मं आणि सोलं जास्त. ते सार सासूबाईच करायच्या, मी भाजी चिरून द्यायची. चालणं संध्याकाळवर नेलं. किल्ल्यापर्यंत रिक्षा, तिथून पाचूबंदरापर्यंत पायी. मासे निवडायला मिळतात म्हटल्यावर त्यांचे गुडघे कुरकुरेनासे झाले. कोळणींशी भावावरून वाद घालत त्या जेट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सहज जायच्या. चार महिन्यांत साखर आटोक्यात आली.

एका रविवारी आम्ही दोघी मोरीपाशी बोंबील साफ करत बसलो होतो. मी म्हटलं, "आई, त्या दिवशी दवाखान्यात मी खोटं बोलले."

"मला माहीत नाही का? मी तिथेच होते." त्यांनी सुरी थांबवली नाही.

"मी यांना सांगते सगळं."

"आता कशाला? झालं ते झालं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण मला नाटक करते म्हणालीस ना, ते लागलं. मी कधी नाटक केलं नाही गं. तुझे सासरे गेले तेव्हासुद्धा नाही."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि धुतलेल्या बोंबलांचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

त्या पुढे नऊ वर्षं जगल्या, बऱ्या जगल्या. घरी पाहुणे आले की नवरा तो किस्सा सांगायचा, आई गोळी घेऊन उपाशी फिरायला गेली त्याचा. सगळे हसायचे, त्याही हसायच्या. दर वेळी मी पाणी आणायला म्हणून आत जायची.

त्या गेल्यावर वर्षश्राद्धाला त्याने पुन्हा तो सांगितला. नातेवाईक गेल्यावर, भांडी आवरताना, मी त्याला खरं काय ते सांगितलं.

तो बराच वेळ ताटं पुसत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी तिला उगाचच बोललो."

"हो," मी म्हटलं.

दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. मग हळूहळू नेहमीसारखं झालं. मला ओरडला असता तर बरं झालं असतं.