बांधावरचा भारा

यंदाही तो फोटोवाला रुळाशेजारच्या आमच्या बांधावर कॅमेरा लावून बसला. ढगातलं ऊन अन् गाडी एकदम यायला हवी म्हणे. मी म्हटलं, "आधी गेल्या सालचा फोटो दाखव." तो शोधू लागला. मधल्या काळात बायको वारली, तिचा एकही फोटो घरात नाही. त्या फोटोच्या दिवशी ती इथंच गवत कापत होती.

फोटो निघाला. काळं आभाळ, पिवळं ऊन, गाडी. बांधावर तिचा गवताचा भारा. ती नाही.

मीच ओरडलो होतो, "अगं, बाजूला हो, सायबाचा फोटो बिघडतोय!" भारा टाकून ती पळाली होती. ऊन काय, दरसाल पडतं. माणसाचंही तसंच धरून चाललो होतो.

तेवढ्यात शिट्टी झाली, ऊन पडलं. फोटोवाला ओरडला, "बाबा, बाजूला व्हा!"

तिच्या भाऱ्याच्या जागेवर मी उभा होतो. हललो नाही.