दोरीवरची पुरचुंडी

बायको गेली तेव्हा मागच्या परसात दोरीवर एक पुरचुंडी लटकत होती. कोंबड्यांसाठी भिजवलेली बाजरी आणि गहू, फडक्यात बांधून मोड यायला टांगलेले. सकाळी तिनं ती बांधली, दुपारी छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अशा वेळी दोरीकडे कोण बघतो?

तेरावं झाल्यावर माझी बहीण घर आवरायला लागली. साड्या वाटल्या, औषधं फेकली, स्वयंपाकघरातली जुनी फडकी होती नव्हती ती गोळा करून कचऱ्यात घातली. मग परसात येऊन त्या पुरचुंडीला हात घातला.

"ती राहू दे," मी म्हणालो.

"अरे दादा, वास मारेल."

"मारू दे."

"किडे पडतील."

"माझ्या घरात पडतील ना? तुझ्या तर नाही?"

ती डोळ्याला पदर लावून आत गेली. मला बोलायची रीत नाही, हे मला ठाऊक आहे. बायको असती तर म्हणाली असती, "अहो, जीभ आहे का विळा?" मग आत जाऊन बहिणीची समजूत घातली असती. माझं बोलणं मागून निस्तरत यायचं हे तिचं कामच होतं.

पुरचुंडी काही कुजली नाही. थंडी सरत आली होती, ऊन कोरडं होतं. मोड फडक्यातून बाहेर डोकावले आणि तिथंच वाळले. मी रोज सकाळी उठून आधी ती जागेवर आहे का बघायचो, मग तोंड धुवायचो. कारण एकच. ती गाठ तिच्या हातची होती. घरातलं बाकी सगळं कुणी ना कुणी हलवलं होतं, धुतलं होतं, घडी घालून ठेवलं होतं. तिनं जसं केलं तसंच राहिलेलं एवढंच होतं.

मी आयुष्यभर अफझलगंजात धान्याच्या दुकानावर पोती उचलली. संध्याकाळी दुकान झाडलं की जमिनीवरचं सांडलवंड मालक घेऊन जाऊ द्यायचा. मी ते पिशवीत भरून चालत गौलीगुड्याला घरी आणायचो. ती सुपात घेऊन खडे, माती, ज्वारी वेगळी काढायची. ज्वारी ती कधी मोडाला घालत नसे, सुकीच टाकायची. आमच्या गावाकडे कोवळ्या ज्वारीत गुरं शिरली तर बाधायची, ते तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी म्हणायचो, "अगं, कोंबडी म्हणजे काय बैल आहे का?" ती म्हणायची, "बैल नाही म्हणूनच. बैल तरी आधी हंबरून सांगतो."

बाकीचं धान्य रात्रभर पाण्यात, सकाळी उपसून फडक्यात. दिवसातून दोनदा त्या पुरचुंडीवर पाणी मारायचं आणि निथळू द्यायचं. एक उकलली की दुसरी बांधायची, म्हणजे खंड पडत नाही. धान्याला पांढरं शेपूट फुटलं की धुण्याच्या दगडापाशी उभी राहून ती गाठीचं लोंबतं टोक ओढायची. सुरगाठ. एका ओढीत सगळं सुटायचं आणि दाणे खाली कोंबड्यांच्या अंगावर पडायचे. कोंबड्या तर आधीपासूनच दगडाभोवती माना वर करून उभ्या असायच्या, रेशनच्या दुकानासमोर माणसं उभी राहतात तशा.

माझी गाठ हमालाची. पोत्याचं तोंड आवळायचं तर निरगाठच लागते. एकदा ती आजारी असताना मी पुरचुंडी बांधली होती. दुसऱ्या दिवशी ओल्यानं ती गाठ अशी बसली की तिनं दातांनी सोडवली. "तुम्ही बांधलेलं सोडवायला माझे दात लागतात," म्हणाली. तेव्हा मी हसलो होतो.

ती गेल्यावर कोंबड्यांना मी नुसती कणी टाकायला लागलो. तांदळाची तुकडी, सुकी. ऊन वाढलं तशी त्यांची पिसं झडायला लागली. मानेवरची कातडी दिसायला लागली, अंडी बंद झाली. भेटायला येणारी माणसं परसात डोकावून म्हणायची, "मुकं जनावर, पण मालकीण गेलेली कळते हो त्यांना." मी म्हणायचो, "काही कळत नाही. पिसं झडतातच." खरं सांगायचं तर ते ऐकायला मला बरं वाटायचं. घरात आणखी कुणाला तरी तिच्यावाचून चैन पडत नाही, हे खोटं असलं तरी बरं वाटायचं.

सून पुण्याची. कंप्युटरच्या कंपनीत आहे, मुलाबरोबर शहराच्या त्या टोकाला राहते. रविवारी दोघं येतात. तिनं कोंबड्या बघितल्या आणि सरळ म्हणाली, "बाबा, यांना खायला नीट मिळत नाहीये. आईंसारखे मोड का नाही आणत?"

"मला जमत नाही."

"प्रयत्न केलात?"

पोरगी माझ्यासारखीच तोंडाची फटकळ. म्हणून मला आवडते. पण त्या दिवशी राग आला, कारण मी प्रयत्न केलाच नव्हता.

मग केला. पहिल्यांदा धान्य भिजवून स्टीलच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं. दोन दिवसांनी झाकण काढलं तर ताडीच्या दुकानात शिरल्यासारखं झालं. तरी वाया कशाला म्हणून कोंबड्यांना टाकलं, आणि म्हातारी तांबडी कोंबडी दिवसभर पिसं फुगवून कोपऱ्यात बसून राहिली. मग बाजारातून मलमलीचा तुकडा आणला आणि तसाच, न धुता, त्यात धान्य बांधलं. नव्या कापडाची खळ सुटून दाण्यांचा चिकट गोळा झाला.

शेजारच्या खालांनी भिंतीवरून डोकं काढलं. माझ्याहून थोरल्या आहेत, बायकोकडून अंडी न्यायच्या, दोघींचं भिंतीवरून रोज चालायचं.

"भाई, ये बास कायकी आरी?"

"दाने सड गए, खाला."

"नवा कपडा धोए बगैर बांधे? वो होती तो तुम्हारे सर पे मारती." मग दोरीकडे बघून म्हणाल्या, "अच्छा नरम कपडा तो वो लटकरा ना सामने."

"उसकू हात नै लगाना."

"मैं कायकू लगाऊं? मुर्गियां लगा देंगी."

मी ती मलमल धुऊन परत वापरू शकलो असतो. या शहरात फडक्याचा तोटा आहे असं नाही. पण मी ती तशीच कोपऱ्यात फेकली आणि परत कणी टाकायला लागलो. पुढं कितीतरी दिवस मी यावर विचार केला. शाळा चौथीपर्यंत, विचाराची सवय कमी, म्हणून वेळ लागला. मला ते जमायला नको होतं. माझ्या हातनं मोड आले असते तर त्या परसात तिची गरज उरली नसती. धान्य आंबलं की मनात कुठंतरी म्हणायचो, बघा, तिच्यावाचून होत नाही. तिकडे कोंबड्या वाळत होत्या आणि इकडे मी ते म्हणत बसलो होतो.

एका सकाळी मी शेवग्याखाली खाटेवर चहा पीत होतो. तांबडी कोंबडी उडी मारून धुण्याच्या दगडावर चढली. तिनं मान लांब केली आणि पुरचुंडीच्या गाठीचं टोक चोचीत धरलं. ओढलं. सुटलं नाही, चोच निसटली. परत धरलं.

मी चप्पल काढून भिरकावली. ओरडलो पण बहुतेक, कारण खालांच्या घरातून "क्या हुआ?" आलं. चप्पल कोंबडीला लागली. जोरात नाही, पण लागली. ती दगडावरून खाली पडली आणि उठताना तिचा एक पंख फाकला, तेव्हा आतलं अंग दिसलं. काय उरलं होतं त्यात? हाडावर कातडी. हिला माझ्या बायकोनं पिल्लू असताना पदरात घेऊन वाढवलेलं. पावसात खुराडं गळायला लागलं तर हिला घरात आणून टोपलीखाली झाकायची, आणि मी कुरकुर केली की म्हणायची, "एक रात्र तुम्ही झोपा खुराड्यात, मग बोला."

मी उठलो. दगडापाशी गेलो आणि ते टोक ओढलं.

एका ओढीत सुटलं. इतके दिवस ऊन खाऊन, वाळून, तरी सुटलं. ती सुरगाठ मारतानाच दुसऱ्या दिवशी सोडायची म्हणून मारलेली होती. तिनं ती ठेवून द्यायला कधीच बांधली नव्हती.

आत मुळांची वाळकी जाळी होती, घरट्यासारखी. फडक्याला चिकटली होती. ती हळूहळू सोडवून शेवग्याच्या बुडाशी टाकली. कोंबड्या धावत आल्या, पायांनी उकरली, खाण्यासारखं काही नाही म्हणून निघून गेल्या. एकीनंही मागं वळून बघितलं नाही. मी मात्र तिथं उभा राहून रडलो. खाला भिंतीवरून बघत होत्या, त्यांनी डोकं आत घेतलं.

मग फडकं धुतलं. तिच्या जुन्या सुती साडीचा तुकडा होता, काठाचा रंग कधीच गेलेला. त्या रात्री बाजरी आणि गहू भिजत घातले. ज्वारी वेगळी काढली. सकाळी बांधलं, दोनदा पाणी मारलं, निथळू दिलं. तिसऱ्या दिवशी शेपटं आली होती, आणि आंबूस वास नव्हता. कोंबड्या दगडाभोवती जमल्या. मी टोक ओढायला गेलो तर टोकच नाही. सवयीनं निरगाठ मारली होती, आणि ती ओली होऊन दगड झाली होती. कोंबड्या माझ्या पायावर चोची मारत होत्या. दात लावावे तर पुढचे दोन पडलेले.

"खाला," मी ओरडलो, "छुरी है क्या?"

"कपडा काटनेकू?"

"नै, गाठ."

"तो नै देती. सीखो."

शेवटी खिळ्यानं सोडवली. एवढा वेळ गेला की तांबडी रागानं दगडावर चढून माझ्या मनगटाला टोचली.

आता सुरगाठ मारतो. मलमलीची खळ निघाली, म्हणून दोरीवर दोन पुरचुंड्या असतात. माझी सुरगाठ सैल पडते, कधी कधी आपोआप सुटून सगळं धान्य वेळेआधीच खाली सांडतं. कोंबड्यांची त्याला काही हरकत नसते.