सुलूबाईंनी न दिलेलं पित्त

मुरबे गावच्या सुलूबाई बोईसरच्या बाजारात मासे कापून देतात. पूर्वी त्या नवऱ्यानं आणलेले बोंबील, पापलेट विकायच्या. तो गेल्यावर त्या इथे कारखान्यांतल्या कामगारांसाठी रोहू-कटला कापायला बसल्या. रोहूचं पित्त म्हणजे कलेजीला चिकटलेली हिरवी पिशवी. ती फुटली की मासा कडू होतो. त्यांच्या हातून ती फुटलेली मी तरी पाहिली नव्हती.

त्यांची मुलगी प्रतीक्षा पालघरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. पोटातला पांढरा फुगा माशाला पाण्यात हव्या त्या खोलीवर तोलून धरतो, हे सुलूबाईंना तिच्याकडून कळलं. कण्याखालचा काळपट लाल थर त्या चमच्यानं खरवडून टाकतात. आयुष्यभर त्या त्याला साकळलेलं रक्त समजत होत्या. ती माशाची किडनी निघाली.

गेल्या दिवाळीत माझी साखर तीनशेच्या वर गेली. शेजारचा दिग्विजय म्हणाला, रोहूचं कच्चं पित्त गिळा, गोळ्या सुटतील. गोळ्यांना मी कंटाळलोच होतो. गर्दी पांगेपर्यंत थांबलो आणि सुलूबाईंकडे पित्त वेगळं बांधून मागितलं.

“कशाला?”

मांजरासाठी, असं मी सांगितलं.

“काका, साखर तुमाला हाय का मांजराला?”

बाजूच्या राहीबाई हसल्या. सुलूबाई हसल्या नाहीत. मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी एका कामगारानं साखरेसाठी असंच पित्त मागितलं होतं आणि टाकायचंच म्हणून त्यांनी ते दिलं. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी बंद झाली. त्याची बायको बाजारात विचारत आली, काय दिलंत म्हणून. तो कित्येक दिवस डायलिसिसवर होता. वाचला, पण काम सोडून गावी गेला. त्याच्या डॉक्टरांनी सुलूबाईंना समजावलं की हे पित्त कच्चं असो की शिजवलेलं, माणसाच्या किडनीवर जातं.

त्यांनी माझा मासा उघडा करून कण्याखाली बोट ठेवलं. “तुमच्यात पन हेच हाय. हे बंद पडलं का माणूस फुगतो.”

आणि पित्त मोरीत टाकून टाचेखाली फोडलं.

तरी माझं मन ऐकेना. चार दिवसांनी मी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथल्या बाईनं मासा चिरला, आणि मी तोंड उघडायच्या आत पित्त फोडून टाकलं. का, म्हणून मी विचारलं.

“सुलूनं सगल्यांना सांगून ठेवलाय. कोनी दिलं तर ती येऊन भांडते.”

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळ्या बदलून दिल्या, भात कमी करायला सांगितला.

आता रोहू घ्यायला गेलो की सुलूबाई चार गिऱ्हाइकांच्या देखत साखर विचारतात. मी हळूच आकडा सांगतो. त्या म्हणतात, ऐकू नाय आलं. मग मोठ्यानं सांगावा लागतो.