ओट्याचं माप

गेल्या रविवारी नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक मिटिंग झाली. विषय एकच... घराचं काम काढायचं तर सुरुवात कुठल्या खोलीपासून? हजर सभासद, फक्त मी. त्यामुळे वाद झाला नाही, पण निर्णयही झाला नाही.

रिटायर होईपर्यंत न्हावा शेवा बंदरात कुठला कंटेनर आधी सोडायचा हे ठरवण्यात माझी हयात गेली. आता घरातल्या चार खोल्यांचा नंबर लावता येईना.

खरं तर काम काढायचं की नाही, इथूनच घोडं अडलं होतं. माझी बायको सुनंदा जाऊन दोन पावसाळे झाले. लेक मुग्धा बंगलोरला. तिचं म्हणणं, "बाबा, एकट्यासाठी एवढा खटाटोप कशाला? फ्लॅट विका आणि इकडे या." प्रेमानेच म्हणते ती.

पण ते 'एकट्यासाठी कशाला' माझ्या डोक्यात जे ठाण मांडून बसलं, ते उठायलाच तयार नाही. एकट्यासाठी स्वयंपाक कशाला, म्हणून डबा लावला. एकट्यासाठी बेडरूम कशाला, म्हणून हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागलो. राहत होतो घरातच, पण वॉचमन राहतो तसा...

विकायचं नाही म्हटल्यावर मुग्धा म्हणाली, मग आधी बाथरूम करा, धरायला दांडा बसवून घ्या, पडाबिडाल. सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांचं मत पडलं, हॉल. आल्यागेल्याला पहिला तोच दिसतो म्हणे. बरोबर आहे, पण येतंय कोण? सिलिंडरवाला आणि डबेवाला, आणि ते दोघेही दारातूनच परत जातात.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे म्हणतात. मनाला विचारलं तर मन गप्प...

शेवटी मंगळवारी सुकापूरच्या एका मिस्त्रीला बोलावलं. त्याने सगळ्या खोल्या फिरून बघितल्या, भिंतींवर बोटांनी टकटक केलं आणि विचारलं, "काका, पयला काय काढायचा?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "किचन."

हे सुनंदाचं ठरलेलं वाक्य. काम कधीही निघो, पहिलं किचन. ते माझ्या तोंडात कसं आलं, देव जाणे.

मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढली आणि ओट्यापाशी जाऊन उभा राहिला. "जरा वैनींना बोलवा. माप घ्यायचा हाय."

आमच्याकडे जुन्या मिस्त्रींची ही पद्धत आहे. घरच्या बाईला भिंतीपाशी उभं करायचं, हात कोपरात वाकवायला सांगायचा आणि कोपराच्या जरा खाली खूण करायची... तीच ओट्याची उंची. आमचा जुना ओटाही तसाच झालेला. सुनंदा बुटकी, म्हणून ओटा बुटका. मी नुसता चहा करायला उभा राहिलो तरी कंबर धरते.

तिचा फोटो भिंतीवर आहे, पण त्याला हार नाही. हाराभोवती चिलटं घोंगावतात म्हणून ती कुणाच्याच फोटोला घालू देत नसे. मिस्त्रीला कळणार तरी कसं?

तोच पुढे म्हणाला, "गावाला गेल्यात का? मंग आल्या की येतो मी. माप घेतल्याबिगर ओटा नाय करायचा."

क्षणभर वाटलं, 'हो' म्हणून टाकावं. ती गावाला गेलीये, आली की बघू... किती सोपं होतं ते. आणि खरं सांगतो, ती गेल्यापासून मी तेच तर करत होतो.

मग म्हटलं, "ती नाहीये. वारली."

तो थोडा वेळ ओट्याच्या कडप्प्यावर नुसता हात फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "मंग जेवान कोन करतं?"

"कुणी नाही. डबा येतो."

"डब्याला ओटा कशाला लागतो, काका?"

राग यायला हवा होता, पण प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "आता मी करणार आहे." ही बातमी मलाही तेव्हाच कळली.

"मंग तुमीच उभे ऱ्हा."

उभा राहिलो, हात वाकवला. त्याने टाइल्सवर रेघ मारली... जुन्या ओट्यापेक्षा बरीच वर. ती बघून मला रडू आलं. सुनंदाच्या उंचीचं घरात जे काही उरलं होतं, तेच मी फोडायला सांगत होतो. आणि तरी त्या रेघेकडे बघून बरंही वाटत होतं. मिस्त्रीने पाठ फिरवून खिडकी मोजायला घेतली, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

संध्याकाळी त्या रेघेचा फोटो मुग्धाला पाठवला. लगेच मेसेज आला, "एवढा उंच ओटा?"

मी लिहिलं, "माझ्या मापाचा आहे. मी इथेच राहतोय."

मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर काही येईना. मुग्धा उंचीने थेट आईवर गेलीये. दुखावली असणार, असं वाटत राहिलं. फोन उपडा ठेवला आणि टीव्ही लावला... त्यात काय चाललंय ते काही कळत नव्हतं.

बऱ्याच वेळाने मेसेज आला. "ठीक आहे. मग गणपतीत आले की मी पाटावर उभी राहून पोळ्या करीन."

मिस्त्री सोमवारी हातोडा घेऊन येतोय. मी माळ्यावरचा पाट काढून, धुऊन, गॅलरीत वाळत ठेवलाय.